संगणक मोडीत काढण्याआधी त्याची मेमरी तरी पाहा!

"संगणक लई स्लो चाललाय, उद्या या." ग्रामपंचायतीच्या नाहीतर सेवा केंद्राच्या दारात उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला हे वाक्य काही नवे नाही. दाखला हवा असो, घरपट्टीची पावती हवी असो, की पीकविम्याचा अर्ज भरायचा असो, पडद्यावरचे चाक गरगर फिरत राहते आणि बिचाऱ्याचा रोज बुडतो. मग मासिक सभेत विषय निघतो: संगणक जुना झाला, नवा घ्या. ठराव होतो, दरपत्रके येतात, चाळीस-पन्नास हजारांचे बिल निघते आणि जुना डबा कपाटामागे धूळ खात पडतो. या सगळ्यात एक साधा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्या यंत्राला नेमके झाले होते काय?

आमचे म्हणणे एवढेच आहे की पंप पाणी कमी उचलायला लागला म्हणून कोणी शहाणा शेतकरी लगेच नवी मोटर आणीत नाही. तो आधी फूटव्हॉल्व्ह पाहतो, पाइप पाहतो, विजेचा दाब पाहतो. संगणकाच्या बाबतीत मात्र दुकानदाराने सांगितले आणि आपण मान डोलावली, असे चालले आहे. गावात २०११ पासून 'संग्राम' प्रकल्पाचे आणि पुढे २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्राचे संगणक आले. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीत एक-दोन यंत्रे विनाकारण मोडीत निघाली, तर पैसा कोणाचा जातो? तुमचा-आमचाच.

मेमरी म्हणजे खळं

संगणकाच्या पेटीत एक बोटभर रुंद, वीतभरापेक्षा लहान अशी हिरवी किंवा काळी पट्टी उभी बसवलेली असते. तिला रॅम म्हणतात, दुकानात नुसते 'मेमरी' म्हटले तरी चालते. तिचे काम समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. हार्ड डिस्क म्हणजे कडब्याची नि कणसांची गंजी, प्रोसेसर म्हणजे मळणी यंत्र आणि मेमरी म्हणजे मधले खळे. खळे मोठे असेल तर माल एकदम आणून टाकता येतो आणि मळणी सरळ चालते. खळे खाटेएवढेच असेल तर मळणी यंत्र कितीही दमदार असो, माणसांचा सगळा वेळ गंजीपासून खळ्यापर्यंत चार-चार पेंढ्या वाहण्यातच जातो. तुमच्या कचेरीतला संगणक 'अडकतो' तो पुष्कळदा यामुळेच. दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रात २ किंवा ४ जीबी मेमरी असे. त्या वेळी तेवढी पुरत होती. आज ब्राउझरमध्ये चार-पाच संकेतस्थळे उघडली, स्कॅनर लावला, एखादी एक्सेलची फाइल उघडली, की तीच मेमरी काठोकाठ भरते.

आता हे तपासायला कोणाचे पाय धरायला नकोत. नेहमीचे सगळे काम उघडे ठेवा आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' नावाची चौकट उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' निवडा. एकूण किती जीबी, त्यातली किती वापरात, पट्ट्यांच्या किती जागा भरल्या, सगळे समोर दिसते. वापर सतत शंभरातल्या ९० च्या आसपास असेल तर खळे अपुरे आहे, हे समजा. मेमरी निम्मी रिकामी आहे पण 'डिस्क' मात्र एकसारखी शंभरावर आहे, तर दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा. तिच्या जागी एसएसडी बसवली तर यंत्र ओळखू येणार नाही इतके सुधारते. आणि दोन्ही मोकळ्या असूनही चाक फिरत असेल, तर दुखणे तुमच्या संगणकात नाहीच. ते इंटरनेटच्या जोडणीत किंवा वरच्या सर्व्हरमध्ये आहे. वरून पाटाला पाणीच सुटलेले नाही, तर चारी रुंद करून काय उपयोग? 'सर्व्हर डाऊन'वर मेमरीचे औषध चालत नाही. तसे केले तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

एक गोष्ट आणखी. संगणक सुरूच होत नाही, नुसता टीं-टीं आवाज करतो, म्हणून तो 'गेला' असे समजू नका. आपल्याकडे धूळ काय थोडी असते? पट्टीच्या खालच्या सोनेरी दातांवर मळ बसला की ती नीट टेकत नाही. विजेची पिन काढा, पेटीच्या पत्र्याला एकदा हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या, पट्टी काढून ते दात शाळेच्या साध्या खोडरबराने हलके पुसा आणि 'कट्' आवाज येईपर्यंत पुन्हा दाबून बसवा. कितीतरी यंत्रे एवढ्यावरच चालू होतात. याच कामाचे पाचशे-हजार रुपये मोजणारी गावे कमी नाहीत.

पट्टीची जात ओळखा

आता समजा मेमरी कमीच आहे असे ठरले. मग दुकानात जाऊन "एक रॅम द्या" म्हणून भागत नाही. बियाण्यासारखीच हिलाही जात असते. जुन्या यंत्रांत डीडीआर-३, २०१४ नंतर हळूहळू डीडीआर-४ आणि २०२१ पासून डीडीआर-५ आली. तिघींच्या खालची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावून बसवायला गेलात तर मदरबोर्ड जायचा. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती डेस्कटॉपला चालत नाही. म्हणून सगळ्यांत सोपा मार्ग असा, की जुनी पट्टी काढून सोबत न्या, नाहीतर तिच्यावरच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो घ्या.

दोन वेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर बहुधा दोन्ही कमी वेगाने चालतात, बिघडत काही नाही. पण शक्यतो जोडी सारखी असावी. एका मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या तर बैलजोडीसारख्या दोन्ही मिळून ओढतात आणि काम जास्त होते. हे दुकानदार आपण होऊन सांगेलच असे नाही.

आणखी एक खड्डा आहे. जुन्या संगणकात विंडोज ३२ बिटची असेल तर ती ४ जीबीच्या वरची मेमरी वापरूच शकत नाही. तुम्ही ८ जीबी घाला की १६, वरची सगळी फुकट. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टम' आणि मग 'अबाउट' उघडले की ३२ की ६४ ते कळते. ३२ असेल तर आधी ६४ बिटची प्रणाली घालून घ्या, मग पट्टीचे बोला.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये जुनी मेमरी स्वस्त मिळते, हे खरे. ती घ्यायला हरकत नाही, पण तिथे मोठमोठ्या सर्व्हरमधून निघालेल्या 'रजिस्टर्ड' पट्ट्याही असतात. त्या दिसायला तशाच आणि भावाने हलक्या, मात्र साध्या डेस्कटॉपमध्ये चालत नाहीत. बिलाशिवाय कुठलीही पट्टी घेऊ नका. नामांकित कंपन्या मेमरीला दीर्घ मुदतीची हमी देतात, पण ती कागदावर धरूनच मिळते.

भावाचे गणित कांद्यासारखे

हा माल स्वस्त की महाग, याचे उत्तर 'कधी घेता' यावर आहे. कांदा उत्पादकाला हे वेगळे सांगायला नको. जगातली बहुतेक मेमरी तीनच कंपन्या बनवतात. दक्षिण कोरियातल्या सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेची मायक्रॉन. दुकानात दिसणाऱ्या किंग्स्टन, कोर्सेअर, जी-स्किल, एडेटा या कंपन्या मुख्यतः चिपा घेऊन पट्टीवर बसवून विकतात. भाव चढला की तिघीही कारखाने वाढवतात, मग माल उदंड होतो आणि भाव कोसळतो. भाव कोसळला की उत्पादन घटवतात, मग पुन्हा चढतो. लासलगावच्या बाजारात एका वर्षी जे होते तेच इथे तीन-चार वर्षांच्या फेऱ्यात होते.

मध्येच एखादा अपघातही भाव उडवून देतो. जुलै १९९३ मध्ये जपानच्या निहामा शहरात सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपांवर घालायची राळ तिथे तयार होई. तेवढ्यावरून जगभर मेमरीचे भाव भडकले. सप्टेंबर २०१३ मध्ये चीनमधल्या वूशी येथे हायनिक्सच्या कारखान्याला आग लागली, तेव्हाही तेच झाले.

आणि लिलावात व्यापारी 'रिंग' करतात म्हणून आपण ओरडतो ना? मेमरीच्या धंद्यातही ती झाली. १९९९ ते २००२ या काळात कंपन्यांनी संगनमताने भाव ठरवल्याचे अमेरिकेच्या न्याय खात्याने बाहेर काढले. जर्मनीच्या इन्फिनिऑनने २००४ साली १६ कोटी डॉलर, हायनिक्सने २००५ साली साडेअठरा कोटी आणि सॅमसंगने त्याच वर्षी ३० कोटी डॉलर दंड भरला. तेव्हा बाजार म्हटला की बाजारच, मग माल कांद्याचा असो की चिपांचा.

अलीकडचेच पाहा. २०२३ मध्ये माल पडून होता, या धंद्यात तिन्ही कंपन्यांना तोटा झाला आणि आपल्याकडे ८ जीबीची डीडीआर-४ पट्टी दीड-दोन हजारांत मिळत होती. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर प्रचंड संगणक केंद्रे उभी राहू लागली. त्यांना लागणारी खास मेमरी महाग विकली जाते, म्हणून कंपन्यांनी कारखाने तिकडे वळवले आणि जुन्या डीडीआर-४ चे उत्पादन आवरायला घेतले. २०२५ च्या उत्तरार्धात साध्या पट्टीचे भाव दुपटीच्याही वर गेले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने 'क्रुशल' या नावाने घरगुती ग्राहकांना माल विकणे बंद करीत असल्याचे जाहीर केले. गुजरातेत साणंदला याच कंपनीचा प्रकल्प जून २०२३ मध्ये जाहीर झाला आहे, पण तिथले काम तयार चिपांच्या जुळणीचे व तपासणीचे. त्यामुळे भाव उतरेल ही आशा धरू नका.

याचा अर्थ आपल्यासाठी काय? एक, मागच्या वर्षीच्या दरपत्रकावर विसंबू नका. त्या दिवशीचा दर दोन-तीन ठिकाणी विचारा आणि १८ टक्के जीएसटी धरून विचारा. दोन, भाव चढा असताना 'पुढे लागेल' म्हणून दुप्पट मेमरी घेऊ नका. गरजेपुरती घ्या आणि एक खाच मोकळी ठेवा. तीन, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचे, जी मेमरी आपल्या घरात आधीच पडली आहे ती आधी वापरा.

सरपंच, भाऊसाहेब, इकडे लक्ष द्या

ग्रामसेवकाचे पदनाम २०२४ पासून कागदोपत्री 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले असले तरी गावाच्या तोंडी ते भाऊसाहेबच. तर भाऊसाहेब, आपल्या डेडस्टॉक रजिस्टरला दोन-तीन बंद संगणक नक्की असतील. शाळेच्या संगणक कक्षातही चार पडलेले असतील. एखाद्याचा पॉवर सप्लाय गेला, एखाद्याचा मदरबोर्ड. पण त्यांच्यातल्या मेमरीच्या पट्ट्या बहुधा शाबूत असतात. रीतसर ठराव करा, नोंद घाला आणि एका यंत्रातली ४ जीबी दुसऱ्याच्या ४ जीबीला जोडा. ८ जीबी झाले, खर्च शून्य. भंगारवाल्याला अख्खा डबा किलोवर देणे म्हणजे आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

मात्र प्रत्येक जुन्या यंत्रावर पैसा घाला, असेही आमचे म्हणणे नाही. विंडोज १० ला कंपनीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी लागते, पण तेवढ्याने भागत नाही. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही लागते. ज्या यंत्रावर डिजिटल सहीचे आणि पैशाचे व्यवहार होतात, ते आधार संपलेल्या प्रणालीवर चालवणे धोक्याचे. म्हणून हिशेब असा मांडा. यंत्र २०१८ नंतरचे, आठव्या पिढीचे किंवा नवे असेल, तर मेमरी ८ जीबी करा, एसएसडी घाला, अजून काही वर्षे खुशाल वापरा. त्याहून जुने असेल, तर त्याच्यासाठी नवी मेमरी विकत घेऊ नका. मोडीतल्या पट्ट्या घालून ते टंकलेखनाला, मुलांच्या सरावाला ठेवा आणि पैशाचे व्यवहार दुसऱ्या यंत्रावर न्या. नवा संगणक घ्यायचाच असेल तर तो खरोखर लागतो म्हणून घ्या, विकणारा म्हणतो म्हणून नव्हे.

खरेदीच्या कागदावर नुसते 'रॅम १ नग' लिहू नका. जात, जीबी, वेग, कंपनी, हमीची मुदत आणि पट्टीवरचा अनुक्रमांक, एवढे लिहून घ्या. बसवल्यावर टास्क मॅनेजरमध्ये आकडा डोळ्यांनी पाहूनच बिलावर सही करा. विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' नावाची तपासणी फुकट मिळते, ती एकदा चालवा. आणि काढलेली जुनी पट्टी परत मागून घ्या. ती गावाची मालमत्ता आहे, मेकॅनिकच्या खिशात जायला नको.

पंचायत समित्यांनीही मनावर घ्यावे. वर्षातून एक दिवस तालुक्यातल्या सगळ्या कचेऱ्यांच्या यंत्रांची नोंद करावी: प्रोसेसर कोणता, मेमरी किती, बंद कोणते. त्यासाठी ना समिती लागते ना सल्लागार. एक तंत्रज्ञ आणि एक वही पुरे. ती वही समोर असल्याशिवाय नव्या संगणकाच्या मागणीला मंजुरी देऊ नये.

पोराचा हट्ट आणि बापाचा खिसा

आता घरातली गोष्ट. शिकायला शहरात गेलेला मुलगा सुट्टीत येतो आणि म्हणतो, "दादा, गेमिंगचा पीसी पायजे." बाप म्हणतो, खेळायला कशाला पन्नास-साठ हजार? दोघांचेही थोडे खरे, थोडे चूक. पोराला लगेच वेड्यात काढू नका. ज्या यंत्रावर गेम चालतो त्यावर नकाशाचे, व्हिडिओचे, प्रोग्रामिंगचे कामही उत्तम चालते आणि ते कौशल्य पोटाला भाकर देते. पण पैसा कुठे घालायचा हे मात्र ठरवून घाला.

गेमला आज १६ जीबी मेमरी बहुतेक वेळा पुरते, तीही ८-८ च्या दोन पट्ट्यांची. साध्या अभ्यासाला आणि घरच्या कामाला ८ जीबी भागते. ३२ जीबी ज्याला मोठे व्हिडिओ कापायचे आहेत त्याने घ्यावी. पट्टीवर लुकलुकणारे रंगीत दिवे आणि वर बसवलेले चकचकीत पत्रे यांनी गेम एक तसूभरही पळत नाही. ते बैलाच्या शिंगांना लावलेल्या बेगडासारखे. पोळ्याला शोभते, नांगराला उपयोग नाही. गेमचा खरा जोर ग्राफिक्स कार्डात असतो. ते वेगळे घेणे झेपत नसेल आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागवायचे असेल, तर तो ग्राफिक्स हीच मेमरी वापरतो. अशा वेळी जोडी लावण्याचा फायदा अधिक. पट्टीवर ३२०० चा वेग छापलेला असतो, पण कित्येकदा यंत्र कमीनेच चालते. बायोसमध्ये एक्सएमपी ही सोय चालू करावी लागते. पोराला विचारा, हे केलंस का? त्याला ठाऊक नसेल तर आधी ते शिकून ये म्हणावे, मग पैसे.

मंडळी, यंत्र आपल्यासाठी आहे, आपण यंत्रासाठी नाही. चार पैसे वाचवणे ही त्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट ही, की कचेरीतला संगणक नीट चालला तर उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाची खेप वाचते. येत्या ग्रामसभेत रस्त्याचा, पाण्याचा विषय झाला की एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या कचेरीच्या संगणकात मेमरी किती जीबी आहे आणि बंद पडलेल्या संगणकांतली कुठे आहे? उत्तर द्यायला भाऊसाहेबांना तीन कळा दाबाव्या लागतील, आणि एक कपाट उघडावे लागेल. तेवढे त्यांनी केले तर पुष्कळांची 'उद्या या' टळेल.